सैतानानं ट्यून करून दिलेली गिटार

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात टॉमी जॉन्सन नावाचा गिटारवाला झालेला माणूस नट आहे की ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या संगीताचा, खरा वादक? सैतानाला आत्मा विकल्याची त्याची गोष्ट खरी का? हा प्रकार आपल्या संगीत नाटकातल्या गायक-नटांसारखाच म्हणायचा का? आणि शेकोटीजवळ तो जे गाणं गातो ते घरच्या गिटारवर कितीही वाजवलं तरी तसं लागत नाही, ते का?

मी तेवीस वर्षं गिटार शिकवतो आहे, त्यातला बराच वेळ ब्लूज आणि स्लाइड (तारांवरून काचेची किंवा धातूची नळी सरकवत वाजवणं). चौथा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. पहिला सहसा कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. म्हणून गिटारचं शेवटी सांगतो.

तो वादक आहे. घराण्यानं वादक, धंद्यानंही वादक. नाव क्रिस थॉमस किंग, जन्म १९६२ चा, गाव अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं बॅटन रूज. चित्रपट २००० साली आला, तेव्हा त्याचा पहिला अल्बम निघून चौदा वर्षं झाली होती. (जुन्या रेकॉर्डवर नुसतं ‘क्रिस थॉमस’ सापडलं तर गोंधळू नका. ‘किंग’ त्यानं नव्वदच्या दशकात जोडलं.)

वडील अर्नेस्ट ‘टॅबी’ थॉमस हे बॅटन रूजचे नावाजलेले ब्लूज गायक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं ‘हूडू पार्टी’ हे गाणं एक्सेलो या कंपनीनं काढलं होतं. एक्सेलोचं मुख्यालय नॅशव्हिलला, पण लुईझियानातल्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण क्राउली या लहानशा गावात जे. डी. मिलर नावाचा गृहस्थ करायचा. स्लिम हार्पो, लाइटनिन स्लिम ही मंडळी त्याच स्टुडिओतून बाहेर पडली. त्या वादनाला ‘स्वॅम्प ब्लूज’ म्हणतात. ताल आळसावलेला, हार्मोनिका ओलसर, आणि सगळ्यावर प्रतिध्वनीचा पातळ थर. शिकागोचा ब्लूज अंगावर येतो, हा मात्र पायरीवर बसून राहतो.

पुढे टॅबी थॉमस यांनी गावात ‘टॅबीज ब्लूज बॉक्स’ नावाचं ठिकाण काढलं आणि वीसहून अधिक वर्षं चालवलं. मुलाची तालीम झाली ती तिथेच. आपल्याकडे गवयाच्या घरातलं पोर जसं तंबोऱ्यामागे बसून मोठं होतं, तसा हा ॲम्प्लिफायरच्या वायरी गुंडाळत मोठा झाला. रात्री वडिलांच्या मागे साथ करायची, आणि घरी मात्र आपल्या पिढीचा रॉक, फंक आणि नंतर रॅप ऐकायचा.

इथून माझा मुद्दा सुरू होतो. किंग चित्रपटात आला तेव्हा पहिल्यांदा अभिनय करू लागला, असं मला वाटत नाही. एक भूमिका त्याच्या गळ्यात किशोरवयातच पडली होती. स्मिथसोनियन संस्थेच्या लोकसंगीत अभ्यासकांच्या नजरेत हा मुलगा भरला आणि जुन्या ग्रामीण ब्लूजचा अस्सल वारसदार म्हणून त्याची ओळख करून दिली जाऊ लागली. १९८६ मध्ये आरहूली या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं ‘द बिगिनिंग’ हा त्याचा पहिला अल्बम काढला. आरहूली ही क्रिस स्ट्रॅकविट्झ यांनी काढलेली कंपनी, लोकसंगीताचं मातीतलं मुद्रण करण्यासाठी नावाजलेली. मानाची गोष्ट होती, यात शंका नाही. पण या मानासोबत एक पोशाखही येतो. गोणपाट, लाकडी खुर्ची, दुःखी चेहरा. विजेची गिटार जोरात वाजवलीस तर वारसदारपद गेलं.

हा पोशाख किंगच्या आधी कितीतरी जणांना घालावा लागला होता. १९३५ साली ‘मार्च ऑफ टाइम’ या वार्तापटात लेडबेली या काळ्या लोकगायकाला स्वतःचीच भूमिका करायला लावली, तीही कैद्याच्या कपड्यांत. तुरुंगातून सुटून बाहेर आलेला माणूस कॅमेऱ्यासाठी पुन्हा कैदी झाला. त्याला स्वतःला सूट घालायला आवडायचं.

दुसरं उदाहरण मी शिकवताना नेहमी सांगतो. डिसेंबर १९३८ मध्ये रेकॉर्ड-निर्माते जॉन हॅमंड यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मोठी मैफल ठरवली. त्यांना मिसिसिपीचा ब्लूजवाला रॉबर्ट जॉन्सन हवा होता. तो ऑगस्टमध्येच वारल्याचं कळल्यावर त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झीला आणलं. ब्रून्झी म्हणजे शिकागोतला पक्का व्यावसायिक, वर्षानुवर्षं रेकॉर्ड काढणारा. पण प्रेक्षकांसमोर त्याला उभं केलं शेतावरून आलेला साधाभोळा कुळवाडी म्हणून. ब्रून्झी हुशार माणूस, त्यानं ती भूमिका पुढे आयुष्यभर निभावली आणि युरोपात त्यावर कमाईही केली.

तिसरं उदाहरण तर निव्वळ नेपथ्याचं. १९६४ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅनाडा टीव्हीनं मँचेस्टरमधलं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन अमेरिकेच्या दक्षिणेतलं म्हणून सजवलं. कापसाच्या गासड्या, कोंबड्या, बकरी. एका फलाटावर गोरे तरुण प्रेक्षक, दुसऱ्यावर ब्लूज गायक मडी वॉटर्स आणि भक्तिगीतं गाणारी सिस्टर रोझेटा थार्प. रोझेटा बाईंनी पावसात, लांब कोट घालून विजेची गिटार अशी काही वाजवली की कोंबड्याबिंबड्या सगळ्या विसरायला होतात. पण नेपथ्य मांडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते लपत नाही.

किंगनं या पोशाखाला हात जोडून नकार दिला. १९९० चा ‘क्राय ऑफ द प्रॉफेट्स’ रॉककडे झुकलेला होता. मग काही काळ तो युरोपात राहिला. १९९५ मध्ये ‘ट्वेन्टीफर्स्ट सेंचुरी ब्लूज... फ्रॉम दा हूड’ आला. त्यात रॅप, सॅम्पलिंग (दुसऱ्या रेकॉर्डमधले तुकडे जोडणं), ड्रम मशीन आणि त्यांच्या मधोमध वडिलांच्या गावची स्लाइड गिटार. परंपरावाल्यांच्या ते पचनी पडलं नाही आणि हिप-हॉपच्या बाजारातही त्याला जागा मिळाली नाही. आज ऐकलं तर काही भाग जुने वाटतात, मशीनचे ठोके विशेषतः. विचार मात्र सरळ होता: आजोबांच्या काळात ब्लूज म्हणजे गरीब काळ्या वस्तीतलं रोजचं बोलणं, मग माझ्या काळातलं रोजचं बोलणं रॅपमध्ये असेल तर ते ब्लूजबाहेरचं कसं?

आणि अशा माणसाला कोएन बंधूंनी कोणती भूमिका दिली? १९३७ सालच्या मिसिसिपीत, धुळीच्या चौरस्त्यावर, साधी लाकडी गिटार घेऊन उभा असलेला ब्लूजवाला. ज्या चित्रातून तो पंधरा वर्षं पळत होता, तेच चित्र.

फरक एवढाच की इथे ती भूमिका आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कपडे वेशभूषाकारानं दिलेले, संवाद लिहिलेले, चित्रीकरण संपलं की घरी जायचं. लोकसंगीत महोत्सवात तोच पोशाख घातला की लोक त्याला ‘खरा माणूस’ म्हणत, इथे घातला तर ‘पात्र’ म्हणाले. मला वाटतं त्या चौकटीत तो म्हणूनच इतका मोकळा दिसतो. चेहऱ्यावर कसलीही धडपड नाही. पळालेल्या तीन कैद्यांच्या मुख्य भूमिकांतले क्लूनी, टर्टुरो आणि टिम ब्लेक नेल्सन तिघंही मोठ्या मापाचा विनोद करत असतात आणि हा त्यांच्यामध्ये शांतपणे बसलेला असतो. त्याला संवाद फार नाहीत. अनेक नवखे नट संवाद कमी असले की हातांचं काय करायचं या चिंतेत पडतात, याच्या हातात गिटार होती.

गायक-नटाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. तुलना अर्धीच जमते. आपला गायक-नट पद घेऊन थांबतो, नाटकाचं कथानकही त्याच्यासाठी थांबतं आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात. ‘ओ ब्रदर’मध्ये उलट आहे. ज्याच्या गाण्यावर कथानक उभं आहे तो नायक क्लूनी फक्त ओठ हलवतो, आवाज डॅन टिमिन्स्कीचा. जो खरोखर गातो आणि वाजवतो तो किंग कथेच्या कडेला बसलेला. शेकोटीच्या प्रसंगात तो गातो तेव्हा बाकीचे तिघं पैसा हाती आला तर काय करायचं याची स्वप्नं रंगवत असतात. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ब्लूजवाल्याचं अमेरिकेतलं स्थान एवढ्या नेमकेपणानं फार कमी चित्रपटांनी दाखवलं असेल, आणि तेही एक शब्द न बोलता.

टी बोन बर्नेट यांनी बांधलेला त्या चित्रपटाचा संगीत अल्बम अमेरिकेत ७० लाखांहून जास्त खपला आणि २००२ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात किंगचं एकट्याचं एकच गाणं आहे. पण त्या एका गाण्यानं त्याला जितके श्रोते दिले, तितके आधीच्या सगळ्या अल्बमांनी मिळून दिले नसतील. नशिबाचा हा तिरकसपणा त्याच्या ध्यानात आला असणारच, कारण पुढच्या दोन वर्षांत त्यानं दोन अल्बम काढले. एकाच्या नावात टॉमी जॉन्सन आणि दुसऱ्याचं नाव ‘डर्टी साऊथ हिप-हॉप ब्लूज’. पाहुण्यांना एका दारानं आत घेतलं आणि दुसऱ्या दारानं आपल्या खोलीत नेलं.

आता सैतान.

टॉमी जॉन्सन हा खरा माणूस होता. मिसिसिपीत जन्म १८९६, मृत्यू १९५६. १९२८ मध्ये त्यानं मेम्फिसला व्हिक्टर कंपनीसाठी गाणी मुद्रित केली. त्यातलं ‘कॅन्ड हीट ब्लूज’ हे स्वयंपाकाच्या स्टोव्हसाठी डब्यात मिळणारं घट्ट स्पिरिट पिण्याबद्दल आहे. दारूबंदीचा काळ, हाती लागेल ते प्यायचे. त्याचा आवाज मध्येच उंच, पातळ होऊन वर सरकायचा. तो प्रकार नीट करायला मला अजून जमत नाही. सैतानाची गोष्ट त्याच्या भावानं, लेडेलनं, संशोधक डेव्हिड इव्हान्स यांना सांगितली. मध्यरात्रीच्या जरा आधी चौरस्त्यावर जायचं, गिटार वाजवत बसायचं. एक धिप्पाड काळा माणूस येतो, गिटार मागून घेतो, ट्यून करतो, एक तुकडा वाजवतो आणि परत देतो. त्यानंतर तुम्हाला काहीही वाजवता येतं.

ही कथा लोक सर्रास रॉबर्ट जॉन्सनच्या नावावर खपवतात. दोघांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं सारखं. कोएन बंधूंनी ती पुन्हा टॉमीकडे आणून ठेवली हे त्यांचं श्रेय. पण एक बदल केला आणि तो लक्षात घ्यायला हवा. चित्रपटात सैतान कसा दिसतो असं विचारल्यावर टॉमी सांगतो की तो तुमच्यासारखाच गोरा असतो. काळा चष्मा घातलेला आणि कुत्रा बाळगणारा एक शेरीफ त्यांच्या मागावर असतो, आणि पुढे क्लू क्लक्स क्लॅन या काळ्यांचा छळ करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या हातून टॉमीला सोडवावं लागतं. १९३७ च्या मिसिसिपीत काळ्या माणसाला भीती कुणाची वाटली असती, याचं हे सरळ उत्तर आहे.

गोष्ट खरी का, तर गोष्ट म्हणून खरी. वादक म्हणून मला तिचं एक कलम फार आवडतं. सैतान आधी गिटार ट्यून करून देतो. म्हणजे विद्येचं रहस्य बोटांत नाही, जुळणीत आहे, हे गोष्ट सांगणाऱ्याला ठाऊक होतं.

किंगच्या ‘ओ ब्रदर’नंतरच्या दोन भूमिका पाहाच. गायक रे चार्ल्सवरच्या २००४ च्या ‘रे’ या चित्रपटात तो लोवेल फुल्सन झाला आहे. रे चार्ल्स उमेदवारीच्या काळात ज्याच्या बँडमधून गावोगाव फिरला तो हा फुल्सन. तिथला किंग चकचकीत, सूटमधला, विजेची गिटार हाती घेतलेला. मला तो टॉमीपेक्षा जास्त सच्चा वाटतो, पण सगळं लक्ष रे झालेला जेमी फॉक्स खेचून घेतो, आणि ते रास्तच आहे.

दुसरी भूमिका माझी आवडती. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या २००३ च्या ‘द सोल ऑफ अ मॅन’मध्ये तो ब्लाइंड विली जॉन्सन झाला आहे. टेक्ससचा आंधळा गायक, रस्त्याच्या कडेला देवाची गाणी म्हणणारा. वेंडर्स यांनी ते भाग हातानं फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्यावर, कृष्णधवल चित्रित केले. बोलणं लॉरेन्स फिशबर्नच्या आवाजात, किंगकडे फक्त चेहरा आणि हात. ब्लाइंड विलीनं १९२७ मध्ये मुद्रित केलेली ‘डार्क वॉज द नाइट’ ही रचना १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. तिच्यात शब्द एकही नाही, नुसता हुंकार आणि स्लाइडचा आवाज. चित्रपटाची सुरुवातच त्या यानापासून होते. त्याच तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरीच्या बाई आणि टेक्ससचा हा आंधळा भिकारी सूर्यमालेबाहेर एकाच तबकडीवर आहेत. मी विद्यार्थ्यांना दोन्ही लागोपाठ ऐकवतो. आधी केसरबाई, मग विली. उलट क्रमानं ऐकवून पाहिलं, जमत नाही. केसरबाईंच्या आवाजापुढे कुणालाही नंतर यायला लावणं कठीण, पण विली येऊ शकतो, कारण तो स्पर्धाच करत नाही.

त्यापुढची कारकीर्द धावत सांगतो. २००५ मध्ये कॅटरिना वादळानं लुईझियानातलं न्यू ऑर्लीन्स शहर बुडालं, पुढच्या वर्षी किंगनं त्या अनुभवावर ‘राइज’ हा अल्बम काढला. वडील १ जानेवारी २०१४ ला गेले. २०२१ मध्ये त्यानं आत्मकथन आणि वाद दोन्ही असलेलं पुस्तक लिहिलं. त्यातला दावा असा की ब्लूज मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत जन्मलाच नाही, तो न्यू ऑर्लीन्समधल्या कसलेल्या शहरी वादकांचा आहे. शेतातल्या अडाणी माणसाची कथा बाहेरच्या अभ्यासकांनी रचली.

हे मला अर्धं पटतं. न्यू ऑर्लीन्सचा गिटारवादक लॉनी जॉन्सन ऐका. १८९९ चा जन्म, एकेक तार सुटी, स्वच्छ वाजवणारा. रॉबर्ट जॉन्सनच्या काही गाण्यांत त्याची सरळ नक्कल आहे. तेव्हा शहराकडून शेताकडे विद्या गेली हे नाकारता येत नाही. पण टॉमी जॉन्सन किंवा मिसिसिपीचाच दुसरा ब्लूजवाला स्किप जेम्स यांचं वादन न्यू ऑर्लीन्सच्या कुठल्याही फांदीवर मला बसवता येत नाही. दावा तपासताना मात्र तो करणारा कोण आहे हे विसरू नका. लहानपणी ज्याला गोणपाटाचा पोशाख घातला गेला, तो चाळीस वर्षांनी शिंप्याचं नाव विचारतो आहे.

आता तुमची गिटार. शेकोटीजवळचं गाणं म्हणजे ‘हार्ड टाइम किलिंग फ्लोर ब्लूज’. मूळ स्किप जेम्सचं, विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीसाठी १९३१ मध्ये मुद्रित केलेलं. महामंदीचा काळ, दारोदार भटकणारी माणसं. ‘किलिंग फ्लोर’ म्हणजे कत्तलखान्याची फरशी. जेम्सचा आवाज उंच आणि भुताटकीसारखा, किंगचा मऊ आणि जवळचा.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते लागत नाही, कारण ते त्यासाठी केलेलंच नाही. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत अशी जुळवा: डी, ए, डी, एफ, ए, डी. पाचवी आणि चौथी तार आहे तशीच. सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली, प्रत्येकी दोन फ्रेट (पडदे) उतरवायच्या. कुठलीही तार चढवायची नाही, त्यामुळे तुटायची भीती नाही. आता कुठेही बोट न ठेवता सगळ्या तारा छेडा. कोमल गंधाराचा मायनर कॉर्ड आपोआप वाजेल. षड्ज तीन तारांवर, पंचम दोन तारांवर आणि कोमल गंधार एकाच, तिसऱ्या तारेवर. म्हणजे गिटारचा जवळजवळ तंबोराच झाला, फक्त उदास तंबोरा. त्या तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला बोट ठेवलं की गंधार शुद्ध होतो. सगळं गाणं या एका बोटावर आहे. बोट ठेवायचं, उचलायचं. तोच कोमल गंधार चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला धरून तार किंचित ओढली की दोन गंधारांच्या मधली जी जागा सापडते, तिला ब्लूजवाले ‘ब्लू नोट’ म्हणतात. श्रुतींची सवय असलेल्या कानाला ती पटकन कळते, पाश्चात्य पद्धतीनं शिकलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना दोन महिने लागतात.

अंगठ्यानं जाड तारा एकसारख्या चालू ठेवा, हळू. घाई झाली की गाणं मेलं. पहिला आठवडा गाऊ नका, नुसता अंगठा. पिक वापरू नका. तारा उतरवल्यामुळे थोड्या सैल होऊन फ्रेटवर खरखरतील. ते चालतं, या गाण्याला शोभतंही. फारच खरखर असेल तर जरा जाड तारांचा संच लावा.

आणि वाजवून झालं की चारही तारा परत चढवून ठेवा. आमच्या घरी हे दोनदा राहिलं. दोन्ही वेळा सकाळी मुलीनं गिटार उचलली, सी कॉर्ड धरला आणि आईला हाक मारून सांगितलं की बाबांनी काहीतरी मोडून ठेवलंय.